माझी सही माझ्या हातात

३ मार्च
धाकट्या दिरांनी आज जेवता जेवता सांगून टाकलं — बर्फाचा कारखाना विकायचा. ते, सासूबाई आणि मी असे तिघं संचालक. दोघांच्या सह्या पुरतात. "एक माझी, एक तुमची. तुमची डिजिटल सही आहेच माझ्याकडे, वहिनी. तुम्हाला त्रास नको."

हे गेल्यानंतर लगेचच दिरांनी मोबाईल समोर धरला होता. नाव सांगा, डोळे मिटा, उघडा. बँकेचं काम म्हणाले. ती ही सही!

सासूबाईंनी ताटावरून मान वर केली नाही.

४ मार्च
विकणार नाही म्हणजे नाही. हे गेल्यापासून पहाटे शटर मी उघडते, मासळीच्या गाड्या मी भरून देते.

५ मार्च
डिजिटल सह्या काढून देणाऱ्या बाईंकडे गेले. झेरॉक्सच्या दुकानावरची खोली, एक टेबल, दोन खुर्च्या. बाईंनी संगणकात शोधलं. "तुमच्या नावाचं सर्टिफिकेट चालू आहे. पण हा मोबाईल नंबर तुमचा नाही."

दिरांचा.

"जुनं रद्द करून नवीन काढता येईल. पण घरात एकदा विचारून या."

म्हटलं, "विचारलं. मी हो म्हणाले."

बाई हसल्या आणि कामाला लागल्या.

७ मार्च
ओळख पटवण्याचा व्हिडिओ नापास. नाव ऐकू येत नाही म्हणे. कसं येणार, ऑफिसात कॉम्प्रेसरची घरघर! मिस्त्रींना सांगितलं, मशीन बंद करा.

"छोटे साहेब रागावतील."

"रागावू देत. मी सांगतेय ना."

बंद झालं. गमबूट न काढताच पांढऱ्या भिंतीपुढे उभी राहिले, ओळखपत्र गालाशी धरलं आणि नाव असं ठणकावून सांगितलं की लाद्या ओढणारे कामगार दारात येऊन बघू लागले.

१० मार्च
जुनं रद्द. नवीन माझ्या पर्समध्ये — पेनड्राइव्हएवढं. पासवर्ड मी ठरवला. कुणाला सांगणार नाही. इथे लिहिणारसुद्धा नाही.

११ मार्च
दिरांना कळलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "घराची शोभा केलीत, वहिनी. आणि मिळवलंत काय? आईचीही सही माझ्याकडेच आहे. एक माझी, एक तिची. सोमवारी सौदा."

मी म्हटलं, "भाऊजी, सोमवारीही शटर मीच उघडणार. बंद करायचं असेल तर पहाटे उठून या."

बोलले खरी. मग न्हाणीघरात नळ सोडून रडून घेतलं. पण उघडणार.

१२ मार्च
सकाळी दारात सासूबाई. पायात चपला, हातात ओळखपत्र. म्हणाल्या, "त्या सहीवाल्या बाईंकडे ने मला. माझी सही मला परत हवीय."