एक्केचाळीस पुस्तके, कानांनी वाचलेली

मी, कमलिनी यज्ञेश्वर बिवलकर, वय वर्षे एकोणऐंशी, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार नगरा, झाशी, माझ्या माघारी कोणाला काय मिळावे हे आज या कागदावर ठरवून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत आहे. ज्यांना तो पुरत नसेल त्यांनी मी आहे तोवर मला एकोणतीसचा पाढा विचारून घ्यावा. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणू शकणारा एकच माणूस होता, माझे यजमान, आणि त्यांनाही ते बेचाळीस वर्षांत जमले नाही.

आमचे वकील सुभाषचंद्र श्रीवास्तव यांचे म्हणणे होते की हे हिंदीत लिहावे, कचेरीत सोयीचे पडते. मी त्यांना सांगितले की आमचे घराणे सात पिढ्या झाशीत आहे. बाजारात हिंदी-बुंदेली बोलते आणि घरात मराठी. वाटणी घरातली आहे. हिंदी तर्जुमा मागे जोडला आहे, पण दोहोंत फरक निघाला तर मराठीच खरे धरावे.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते ते रद्द समजावे. ते रागात केले होते. त्यात माझे दीर दामोदर यांच्या नावे मी फक्त एक भिंग ठेवले होते, टोमणा म्हणून. त्याची मला आता लाज वाटते आणि ती का वाटते हेही पुढे लिहिले आहे.

कलम पहिले. नगऱ्यातले राहते घर अंगणातल्या पेरूसकट मुलगा कौशिक याला मिळावे. तो भोपाळला नोकरी करतो आणि झाशीला परत येणार नाही, हे मला कळले आहे, त्याला अजून कळायचे आहे. विकायचे तर खुशाल विकावे, पण त्याची मुलगी चारुता माझ्याकडे राहून शिकते आहे, तिचे शिक्षण संपेपर्यंत नाही. तोवर बाहेरच्या खोलीत शनिवारी दुपारी चारला माणसे येऊन बसतात, ती बसू द्यावीत. बँकेतली शिल्लकही कौशिकचीच. कागद देवघराच्या खणात आहेत.

कलम दुसरे. यजमानांची पुस्तकबांधणीची हत्यारे, म्हणजे लाकडी शिकंजा, सुया, मेण लावलेला दोरा, घडी दाबायची हाडाची पट्टी आणि लईचे, म्हणजे चिकटवायच्या खळीचे, पातेले, हे सगळे इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या वाचनालयाला द्यावे. पातेल्यात किडीसाठी विषारी मोरचूद घातलेली लई शिजायची, तेव्हा मंडळाच्या बायकांनी त्यात चुकूनही कढी करू नये.

यजमान रेल्वेच्या कचेरीत होते आणि रविवारी घरातली जुनी पुस्तके बांधायचे. हात चांगला होता, पण एकदा चुकला. बेतवा नदीच्या काठाने पायी फिरलेल्या कोणा गृहस्थाचे जुने प्रवासवर्णन आमच्याकडे आहे. ते बांधताना त्यांनी एक फर्मा, म्हणजे सोळा पानांचा जुडगा, भलत्याच जागी शिवला. शहाण्णवाव्या पानानंतर एकदम एकशे तेरावे पान येते आणि मधली सोळा पाने पुस्तकाच्या शेवटी. त्यामुळे त्या गृहस्थाला ताप आधी येतो, आणि ज्या डबक्यातल्या पाण्याने तो येतो ते पाणी तो पुस्तक संपताना पितो. उसवून परत शिवा म्हटले तर यजमान म्हणाले, कागदाला एकदा सुई लागली की पुन्हा छळू नये. आमच्याकडे ते पुस्तक वाचणारा प्रत्येकजण शहाण्णवाव्या पानावर अडतो, यजमानांना नावे ठेवतो, शेवटी जातो आणि परत येतो. ही बांधणी कोणीही दुरुस्त करू नये.

कलम तिसरे. कौशिकने आणलेला ई-रीडर त्याचा त्याला परत द्यावा. मी त्याला पाटी म्हणत असे. कागदाशिवाय वाचायचे ही कल्पनाच मला पचत नव्हती. सहा महिने मी त्याला हात लावला नाही. मग एक दिवस वहीतली सरळ रेघ मला मध्येच वाकलेली दिसली. जन्मभर भूमिती शिकवलेल्या बाईला रेघ वाकलेली दिसावी याचा मला आधी रागच आला. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे, कडेचे दिसेल, समोरचे दिसणार नाही. तेव्हापासून समोरच्या माणसाचे मला कान दिसतात, तोंड दिसत नाही.

तेव्हा ती पाटी कामाला आली. अक्षर वाढवता येते. आधी पाटीवर दहा शब्द मावायचे, मग तीन, मग एक. एका वेळी एक शब्द, असे वाचून मी दीड वर्षात अकरा पुस्तके संपवली. त्या यंत्राला मी जे वाईटसाईट बोलले ते इथे मागे घेते. कौशिकलाही आता चष्मा लागला आहे, त्याने ते नीट सांभाळावे.

कलम चौथे. माझा मोबाइल आणि कानात घालायची बोंडे चारुताला द्यावीत. त्यातली ऐकायची पुस्तके तिनेच मला लावून दिली. पहिल्या दिवशी वाटले, कोणी परका पुरुष स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसला आहे. मी पदर सावरला. आठवड्याभरात तो घरचा झाला आणि लसूण सोलता सोलता मी एका वर्षात एक्केचाळीस पुस्तके पुरी केली. कागदावर माझा वर्षाचा विक्रम एकोणतीसचा होता.

आता जुना हिशेब. आमच्या मंडळात दर पाडव्याला वर्षाचा वाचक निवडतात. नारळ देतात आणि भिंतीवरच्या फळ्यावर नाव लिहितात. माझे नाव त्यावर नऊ वेळा आहे. तीन वर्षांपूर्वी मी मंडळाच्या वहीत ही एक्केचाळीस पुस्तके लिहवून घेतली. वाचन समितीचे अध्यक्ष भावजी, म्हणजे माझे दीर दामोदर. त्यांनी माझ्या नावापुढे शेरा मारला, “ऐकलेली आहेत. वाचनात धरता येत नाहीत.” खाली सही.

मला फार लागले. नवरा गेला, नोकरी संपली, डोळे गेले, तरी मी वाचक होते. तेवढी एकच गोष्ट माझ्याकडे उरली होती आणि ती भावजींनी एका ओळीत काढून घेतली. भांडायला गेले तर म्हणाले, “वहिनी, ऐकणं म्हणजे रेडिओ झाला. वाचन ते हातात कागद धरून.” त्याच आठवड्यात मी ते भिंगवाले मृत्युपत्र केले. मंडळात जाणे सोडले नाही, पण भावजींच्या चहात साखर घालणे सोडले.

पुढच्या वर्षी त्यांनी आमच्याकडून ते बेतवेचे पुस्तक वाचायला नेले. दीड महिना ठेवले आणि मंडळात त्यावर भाषण केले. म्हणाले, ओळ न् ओळ वाचली, कथनाचा प्रवाह कुठे म्हणून तुटत नाही. मी जागच्या जागी ताठ झाले. सोळा पाने उडालेल्या पुस्तकाचा प्रवाह तुटत नाही असे म्हणणाऱ्या माणसाने ते उघडलेले नाही, हे सिद्ध करायला मला फळाही लागणार नव्हता. मी हात वर केला आणि भर सभेत विचारले, “भावजी, त्या माणसाला ताप कशानं आला?”

भावजींनी पुस्तक उघडले. पान डोळ्यांसमोर न धरता त्यांनी ते डाव्या बाजूला नेले, मान उजवीकडे वळवली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहू लागले. असे कोण पाहते ते मला ठाऊक होते. मी रोज असेच पाहते. चाळीस माणसे वाट पाहत होती आणि मला जिंकायला एकच वाक्य उरले होते. मी म्हटले, “राहू दे, मला आठवलं,” आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटो करून त्यांच्याकडे गेले. किती दिवस झाले विचारले. ते म्हणाले दोन वर्षे. कोणालाच सांगितले नव्हते. रोज सकाळी दारात खुर्ची टाकून पुस्तक उघडून बसायचे आणि शेजारपाजारच्यांसाठी अंदाजाने पाने उलटायचे. मी विचारले, मग माझीच पुस्तके का खोडली.

“तुमचं धरलं असतं, तर मलाही ऐकायला लागावं लागलं असतं,” ते म्हणाले. “आणि मग आंधळा झालो हे खरं झालं असतं.”

मी रडले हे इथे लिहून ठेवते, कारण ते नंतर सगळ्यांना सांगतात की मी रडले नाही.

कलम पाचवे. चारुताच्या आवाजातली ध्वनिमुद्रित पुस्तके, आजमितीस सव्वीस, ही चारुताची आहेत. मंडळाने ती फुकट ऐकवावीत, विकू नयेत. भावजी ऐकायला तयार झाले, पण त्यांना हवी होती आमच्या फडताळातली जुनी पुस्तके, आणि ती कोणत्याच कंपनीने आवाजात आणलेली नाहीत. तेव्हा मी चारुताला बसवले. भोपाळला वाढलेली पोर, मराठी सगळी समजायची, पण बोलायला लावले की हिंदीत पळायची. म्हणाली, “आजी, मुझसे नहीं होगा. मला ऐकायला येतं, वाचायला नाही येत.” पहिले पुस्तक बेतवेचेच घेतले, सोळा पाने त्यांच्या योग्य जागी वाचून. पहिल्या महिन्यात एका पानाला अर्धा तास लागे. भावजी आणि मी दोन बाजूंना बसून चुका काढत असू आणि एकमेकांच्या चुकांवरून भांडत असू.

आज ती मला सांगते, “आजी, गप्प बस, रेकॉर्डिंग चालू आहे.” शनिवारी तिचे वाचन ऐकायला वीस-वीस माणसे येतात. आमच्याच जिल्ह्यातल्या गरौठ्याला बदली झालेला एक मराठी बँकवाला बसमध्ये तिची पुस्तके ऐकतो आणि उशीर झाला की फोन करून विचारतो. ज्या पोरांची मराठी आजी-आजोबांबरोबर संपणार असे आम्ही सगळे उसासे टाकून म्हणत होतो, त्यांच्यात ती कानाने शिरली आहे. त्या शेऱ्यापुढे हार मानून मी ऐकणे सोडले असते तर हे झाले नसते, आणि त्या सभेत जिंकले असते तरी झाले नसते.

रोजच्या वाचनाला काय घ्यावे असे मला पुष्कळजण विचारतात, म्हणून शेवटचे सांगते. डोळे आहेत तोवर कागद घ्या, त्यावर पेन्सिलीने भांडता येते. डोळे कुरकुरले की पाटी घ्या. आणि कान आजच तयार ठेवा, उशीर करू नका. जे घ्याल ते रोज घ्या.

कलम सहावे. फडताळातली तीनशे बारा पुस्तके. हे कलम आज दुपारी बदलले, ते कसे ते लिहिणे भाग आहे. भावजी घरी येऊन शनिवारचे ऐकतात, चारुताच्या चुका काढतात, पण वहीतला तो शेरा त्यांनी तसाच ठेवला होता. मी विचारले नाही, त्यांनी विषय काढला नाही. तरी ही सगळी पुस्तके मी त्यांच्याच नावे लिहिली होती. निम्मी त्यांच्या वडिलांनी जमवलेली आहेत, आणि भाऊ गेल्यापासून त्यांचा जीव त्या फडताळात अडकला होता.

मजकूर पुरा झाला. मंडळाच्या चिटणीस स्वाती यांनी तो लिहून घेतला आणि मला ऐकवला. वकीलसाहेबांनी खाली नेहमीचे वाक्य घालायला सांगितले, की मृत्युपत्र करणारीस वाचता येत नसल्याने मजकूर तिला वाचून दाखवला. मी म्हटले, या वाक्याखाली मी सही करणार नाही. ते समजावू लागले, “माताजी, ये तो सबके लिए लिखा जाता है.” मी पेन खाली ठेवले.

भावजी कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, “काट दीजिए, वकीलसाब. लिखिए कि इन्होंने कान से पढ़ा है. गवाह मैं हूँ.”

वकीलसाहेबांनी त्यांना नीट समजावले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सही केली की पुस्तके गेली. हेही विचारले की सही होताना दिसेल का. भावजींनी मान उजवीकडे वळवून दाखवली आणि म्हणाले कडेने दिसते. मग त्यांनी फडताळाकडे तोंड केले. मला त्यांचे तोंड दिसत नव्हते. “पुस्तकांच्या कलमातून माझं नाव काढा,” ते म्हणाले.

तेव्हा तीनशे बाराही पुस्तके चारुताला द्यावीत. ती कोणाला वाचून दाखवायची हा तिचा प्रश्न आहे. मला उत्तर ठाऊक आहे.

हा सगळा मजकूर मी अथपासून इतिपर्यंत कानांनी वाचला. तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

झाशी, दि. १४ नोव्हेंबर २०२५
(सही) कमलिनी यज्ञेश्वर बिवलकर

साक्षीदार पहिली: (सही) स्वाती प्रधान, चिटणीस. मजकूर मीच लिहून घेतला. बाईंनी चार ठिकाणी माझी वाक्ये बदलायला लावली.

साक्षीदार दुसरे: दामोदर बिवलकर. अक्षर वाकडे आले आहे, पण माझेच आहे. वहिनींनी हे मृत्युपत्र माझ्यासमोर वाचले आणि वाचून सही केली. मंडळाच्या वहीतला शेरा माझा होता, तो चूक होता. एक्केचाळीस पुस्तके धरावीत. (सही)