रिकामं रीळ

प्रिय छोट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न फोडताच ठेवून दिलं नसशील, असं धरून चालते. पत्ता काकूने दिला. कशाला हवाय, हे तिने विचारलंसुद्धा नाही, याचंच मला नवल वाटलं. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण पायमशीन काही सोडवत नाही. पुढच्या खोलीत आता कापड कापायला लांब टेबल आलंय, त्याच्या एका टोकाला कॉम्प्युटर. आणि त्या कॉम्प्युटरवर मी सध्या पोलिसगिरी करते. हसू नकोस.

शिवणकाम करणाऱ्यांचा एक ऑनलाइन गट आहे. कुणाची सुई मोडते, कुणाचे टाके सुटतात, मग लोक प्रश्न टाकतात आणि जाणकार उत्तरं देतात. मी इतकी उत्तरं दिली की शेवटी गट सांभाळायचं कामच माझ्या गळ्यात पडलं. जोडीला एक दातांची डॉक्टरीण आहे. शिवण हा तिचा छंद, आणि नियम हा त्याहून मोठा छंद. कोण शिवीगाळ करतंय, कोण जाहिराती घुसवतंय, कुणाला नुसती समज द्यायची आणि कुणाला कायमचं बाहेर काढायचं, हे आम्ही दोघी ठरवतो. माणसं समोर नसली की कशी बोलतात, हे बघण्यात मला भारी गंमत वाटते.

गेल्या महिन्यात एका मुलीने विचारलं, झुळझुळीत कापड मशीनखाली गोळा होतं, काय करू? मी सांगितलं, खाली पातळ कागद धर, कागदासकट शिव आणि मग तो फाडून टाक. त्यावर एक सदस्य तुटून पडला. त्याला आम्ही प्रोफेसर म्हणतो. हे शिवणकाम आहे की पार्सल बांधणं, बाईंनी आधी शिकून यावं, वगैरे वगैरे. असल्या बोलण्याला मी सरावलेय. पण ‘रिकामं रीळ’ नावाचा एक जुना सदस्य मध्ये पडला, आणि असा काही पडला की विचारू नकोस. प्रोफेसरची अक्कल, त्याच्या फोटोतलं टक्कल, काही म्हणून सोडलं नाही. शेवटी लिहिलं, "परत बोललास तर तोंड शिवून टाकीन, तेही उलट्या टाक्याने!"

प्रोफेसरला आम्ही आठवडाभर गप्प बसवलं. धमकीला मात्र आमच्याकडे एकच शिक्षा. मी जरा रेंगाळले, तर डॉक्टरीणबाईंचा फोन. "तुमची बाजू घेतली म्हणून त्याला सोडायचं का? मग उद्या माझी बाजू घेणाऱ्यालाही सोडा!" रिळाला मी माझ्या हाताने बाहेर काढलं.

काढलं खरं, पण तो माणूस डोक्यातून जाईना. इतकी वर्षं कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि एका कागदाच्या तुकड्यावरून एवढा का भडकला? गट सांभाळणाऱ्याला जुनं सगळं वाचता येतं. मी वाचतच सुटले. त्याने स्वतः शिवलेल्या एकाही वस्तूचा फोटो टाकला नव्हता. प्रश्न अगदीच बाळबोध. खालच्या दोऱ्याची बॉबिन कोणत्या बाजूने फिरायला हवी, हे तर पुन्हा पुन्हा विचारलेलं. दुसऱ्या कुणी उत्तर दिलं तर चिडीचूप, मी दिलं की लगेच आभार. मी डॉक्टरीणबाईंना ते दाखवलं. त्या म्हणाल्या, "अहो, या माणसाकडे मशीनच नसणार. त्याला शिवायचं नव्हतं, तुमच्याशी बोलायचं होतं."

मग मी ती धमकी पुन्हा वाचली. या वेळी मोठ्याने. उलट्या टाक्याने तोंड शिवायची धमकी मी आयुष्यात एकाच शिंप्याकडून ऐकलीय. तो ओठांत टाचण्या धरून बोलायचा, आणि दुकानात हातघाईवर आलेली पोरं आपण दोघं असायचो.

बाबा गेल्यावर त्यांचं ते शिवणाचं दुकान चालवायचं की बंद करायचं, यावरून आपण जे बोललो ते बोललो. त्यानंतर तुझा फोन नाही, माझा नाही. कोण बरोबर होतं, ते आज उकरत नाही. बाहेर काढल्यावर तू आम्हाला एक ओळ पाठवली होतीस, "बंदी मान्य. पण कागदाचं ताईंनी सांगितलं ते बरोबर आहे." बंदी उठणार नाही रे, डॉक्टरीणबाई मला फाडून खातील. हे पत्र त्यासाठी नाहीच. त्या गटात लहानथोर सगळेच मला ताई म्हणतात. त्या गलक्यात तुझी हाक इतकी वर्षं मला ओळखूच आली नाही. माझा नंबर तोच आहे. फोन कर, आणि काही सुचलं नाही तर बॉबिनचं विचार.

तुझीच,
ताई