दम सुटल्यावर

मुलींचं वसतिगृह, कर्जत
मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

प्रिय निलेशदादा,

नमस्कार. मी बरी आहे, आई बरी आहे, आणि तूही बरा असशील असं धरून चालते. तसंही तुरुंगातून तू दर वेळी "मी मजेत" एवढंच लिहितोस, हाडं मोडली तरी तेच लिहिशील.

वाडीची खबर अशी, की माळावरची नाचणी चांगली आली होती, पण रानडुकरं अर्धी तुडवून गेली. कोंडीकाकूनं त्यांना पळवायला पत्र्याचा डबा बांधलाय. तो वाजला की डुकरांआधी तीच दचकते. तुझा काळ्या आता कोणावर भुंकत नाही, दिवसभर चुलीपाशी पडलेला असतो. आई त्याला तुझ्या नावानं शिव्या देते आणि तुझ्या नावानंच भाकरी घालते.

आता कामाचं. शनिवारी शाळेच्या कबड्डी संघाची निवड आहे. ज्यांना उतरायचंय त्यांनी गुरुवारपर्यंत कमलेश सरांकडे नावाची चिठ्ठी द्यायची. सर म्हणतात, डावा कोपरा तुझाच, तू फक्त नाव दे. संघ तालुक्याला जिंकला तर जिल्ह्याला जाईल, आणि तिथे माझा खेळ दिसला तर दहावीनंतर पुण्याच्या क्रीडा वसतिगृहासाठी ते माझं नाव पाठवतील. नाहीतर पुढचं तुला माहीत आहे. दहावी झाली की इथून गाशा गुंडाळायचा, मामाबरोबर वीटभट्टीवर जायचं, आणि वर्षभरात कोणीतरी पोरगा बघून ठेवलेला असेल.

चिठ्ठी लिहून झाली आहे. दहा दिवस ती माझ्या कंपासपेटीत पडून आहे. तू म्हणशील, मग अडलंय कुठे.

आमची कॅप्टन हर्षला, कडावची, तिचा पाय मोडलाय. बावीस ऑगस्टला, सरावात. नडगीचं हाड गेलं. पनवेलला नेऊन आत सळई घातली. या वर्षी ती खेळणार नाही. पकड माझी होती. खेळात असं होतं, सर म्हणाले. मीही सगळ्यांना तसंच सांगते.

असो. मेसमध्ये आता आठवड्यातून दोनदा अंडी मिळतात.

असो म्हटलं खरं, पण पेन खाली ठेववत नाही. त्या दिवशी नळावर पाणी पिताना हर्षला बाकीच्या मुलींना म्हणाली, "पाय सांभाळा गं, हिचा भाऊ आत हाय. मारायचं यांना शिकवायला लागत नाय." सगळ्या हसल्या. मीही दात दाखवले. पाच मिनिटांनी तीच चढाईला आली. बोनस रेषेकडे पाय टाकला आणि मी घोटा धरला. तू शिकवलास तसा, दोन्ही हातांनी, खांदा तिच्या गुडघ्याला लावून. ती तोंडावर आपटली. तोंडात माती, तरी "कबड्डी कबड्डी" चालूच. जिगरबाज आहे ती, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या पायानं तिनं माझ्या तोंडावर लाथ घातली. ओठ फुटला, तोंडात रक्त आलं. मग मी पाय पिरगळला. तिचा दम सुटला. "कबड्डी" अर्धंच राहिलं, मग "सोड" आलं, मग "सोड गं संध्या" आलं. सर फोनवर बोलत होते, शिट्टी वाजली नाही. मी अजून पिरगळला. वाळकी फाटी मोडताना येतो तसा आवाज आला. तेव्हा कुठे हात सोडला.

"दम सुटलेला कळला नाय का तुला?" सरांनी विचारलं. मी म्हटलं, ऐकू आलं नाही.

दादा, मला ऐकू आलं होतं. पहिल्यांदा "सोड" म्हणाली तेव्हाच. आणि मला बरं वाटत होतं. उपाशी पोटात गरम पेज जावी तसं बरं. हे लिहिताना माझी मलाच शिसारी येते आहे, पण तेव्हा आली नव्हती.

आठ दिवसांनी सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "तुमच्या डोंगरातल्या पोरींच्या रक्तातच हाय हे. मला अशीच पाहिजे." म्हणजे हर्षला टोमणा म्हणून बोलली, तेच सर शाबासकी म्हणून बोलले. दोघांच्याही कानफटात द्यावीशी वाटली. आणि तिथेच तर पंचाईत आहे. बघ, माझा हात लगेच उठतो.

अंगणात तू मला पकड शिकवायचास ते आठवतं? मी सातवीत होते. तू "कबड्डी कबड्डी" म्हणत मधेच, न सांगता, गप्प व्हायचास. मी तरी धरून ठेवलं तर डोक्यात टपली. "दम सुटला की हात सोडायचा. समोर कोण हाय ते बघायचं नाय." त्या टपल्यांनी माझं डोकं दुखायचं, पण सवय लागली होती.

पत्र तिथले साहेब आधी वाचतात, म्हणून आई म्हणते फक्त खुशाली लिहीत जा. वाचू देत. तुला शिक्षा होऊन गेली आहे, आता लपवून काय उरलंय. पुढचं मी तीन वर्षांत कोणाला सांगितलेलं नाही.

कळंबच्या त्या रिसॉर्टवर आईसोबत चादरी धुवायला त्या रविवारी मीही आले होते. रूपेश सुपरवायझरनं पाहुण्यांच्या देखत आईच्या कानशिलात मारली, टॉवेल चोरलास म्हणून. तू तिथेच बागेत कामाला होतास, तिथून फावडं घेऊन आलास. आईला बायकांनी आत नेलं होतं. मी पाण्याच्या टाकीमागे होते. पहिला दांडा बसला तेव्हा मी मनात "अजून" म्हटलं. दुसऱ्यालाही म्हटलं. तिसऱ्याला तो पडला. हात जोडून "सोड रं निलेश" म्हणाला. मग नुसताच कण्हला. मग काहीच म्हणेना. आणि तू मारतच होतास. त्याच्या डोक्यातलं रक्त फरशीवरच्या साबणाच्या पाण्यात मिसळून माझ्या पायाच्या बोटांपर्यंत आलं. मी पाय मागे घेतले, पण तुला हाक मारली नाही. एक हाक मारली असती तर? याचं उत्तर मी रोज शोधते.

आईनं घरी विचारलं, "पडल्यावर थांबला ना गं तो?" मी म्हटलं, थांबला. त्यावरच ती उभी आहे. कोर्टानं काहीही लिहू दे, ती वाडीभर सांगते की पडल्या माणसाला माझ्या पोरानं हात लावला नाही.

रूपेश आता घराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला असतो. मान एका बाजूला कललेली. त्याची आई पदरानं त्याची लाळ पुसते. कळंबवरून टेंपो जातो तेव्हा मी दुसरीकडे बघते.

तर मला हे विचारायचंय. तो गप्प झाला ते तुला कळलं होतं का? कळलं नसेल तर मी तुझ्याहून वाईट आहे. कळलं असेल तर आपण दोघं सारखेच. मग मी मैदानात कशी उतरू? समोर कोणाची तरी पोर असणार.

पत्र पोचायला आठ दिवस, उत्तर यायला आठ. चिठ्ठी परवा द्यायची. म्हणजे तू काही कामाचा नाहीस, नेहमीसारखाच. रागावू नकोस.

गुरुवार, ११ सप्टेंबर

पत्र टाकलं नव्हतं. काल शाळा सुटल्यावर कडावला गेले.

हर्षला ओटीवर बसली होती, पाय उशीवर. तिची आई मागे गोठ्यात धार काढत होती. मला बघून हर्षला म्हणाली, "काय गं, बघायला आलीस? बघ." मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "तू सोड म्हणालीस ते मला ऐकू आलं होतं. तरी मी सोडलं नाय."

तिनं शेजारची कुबडी उचलली. पहिला फटका दंडावर बसला. दुसरा खांद्यावर. तिसरा कानावर, आणि सगळी ओटीच गरगरली. कानामागून रक्त आलेलं मानेवर लागलं. मी दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते, कारण ते सुटले असते तर काय करतील याचा मला भरवसा नव्हता. ती रडत होती आणि मारत होती. चौथ्यांदा कुबडी वर गेली. मी म्हटलं, "बास, हर्षला."

कुबडी वरच थांबली.

तिला मारायचं होतं, दादा. तो चेहरा मी ओळखते, आतून ओळखते. आणि तिचा हक्क माझ्यापेक्षा, तुझ्यापेक्षासुद्धा मोठा होता. तरी एका शब्दावर थांबली. कुबडी हळूच खाली ठेवली आणि नाक पुसून म्हणाली, "नाव दे जा. शनिवारी मी येणार हाय. रेषेला खुर्ची टाकून बसणार. कोणी सोड म्हटलं आणि तू सोडलं नाय, तर याद राख."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही तेवढं मागायला गेले नव्हते.

आज सकाळी चिठ्ठी दिली. सरांनाही सांगितलं, की मला ऐकू आलं होतं. ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "गप. बोलू नको कुठं." मी म्हटलं, मला संघात घ्यायचं तर हे धरून घ्या, आणि माझ्या रक्ताचं पुन्हा काढायचं नाही. त्यांनी चिठ्ठी खिशात ठेवली. खांदा काळानिळा झालाय. शनिवारी पकड करताना दुखेल, आणि दुखलेलं बरं.

हे थांबणं अंगात आपोआप येत नाही. तूच शिकवलं होतंस ते मला, टपल्या मारून. म्हणून तुझ्यावर राग आहे, आणि म्हणूनच तू मला लागतोस.

आईला मी काही सांगणार नाही. ते तुझं काम आहे. दिवाळी झाली की आम्ही दोघी भेटायला येऊ. जाळीपलीकडून ती नेहमीसारखंच म्हणेल, "पडल्यावर माझा पोर थांबला होता." दर वेळी तेव्हा तू खाली बघतोस. मी पाहिलंय. म्हणून माझ्या प्रश्नाचं उत्तर लिहून पाठवू नकोस, ते मला केव्हाच मिळालंय.

या वेळी फक्त वर बघ, आणि तिला सांग.

तुझी,
टाकीमागून सगळं ऐकलेली,
संध्या