प्रेमच्या रजेसंबंधी दुरुस्ती

शारजा, ९ जून

सौ. झुंबर हिस शारजाहून आशीर्वाद.

माझी प्रकृती ठीक आहे. तुझा गुडघा कसा आहे?

प्रेमने रजा स्वतःहून पुढे ढकलली, असे दीपकने तुला फोनवर सांगितले. ते खरे नाही. प्रेमचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता आणि मुकादम म्हणून किल्ली आपल्या दीपककडे होती; त्याने तो दिला नाही. म्हणूनच छायाच्या लग्नात कानपिळीला तिचा सख्खा भाऊ नव्हता.

दर शुक्रवारी मी आपल्याकडच्या कामगारांना येथील कामगार कायदा मराठीतून समजावतो. पासपोर्ट कामगाराजवळच असावा, हे सांगताच प्रेम म्हणाला, "गुरुजी, तुमीच तं म्हणलं होतं, दीपकभाऊ आपल्या वडनेरचा हाय, राहू दे त्याच्यापाशी."

मी तसे म्हटले होते. गावाला जाताना शेजारी आपल्या घरी दागिने ठेवतात, तोच विश्वास मी येथे गृहीत धरला.

जेवताना मी दीपकला विचारले. तो म्हणाला, "बाबा, पोरं पळून गेली तं मालक मलेच धरीन." मी ताटावरून उठलो. काल त्याने सर्वांचे पासपोर्ट परत केले. माझ्याशी तो अद्याप बोलत नाही; तू त्याला फोन कर.

सत्यभामावहिनींना त्यांच्या लेकाच्या पासपोर्टबद्दल काही सांगू नकोस. ते माझे काम आहे.

उत्तमराव

ता. क. खऱ्या तारखा अशा:
प्रेमने रजा मागितली, २ एप्रिल.
छायाचे लग्न, ११ मे.
पासपोर्ट परत, ८ जून.
प्रेम व मी नांदुऱ्यास उतरू, १५ जून. मी आधी वहिनींच्या दारी जाईन, मग आपल्या.