केर राहू दे

स्वोर्ड्स, सकाळ

निमिष,

हे तुला पाठवणार नाहीये. तिकडे हिमनदीवर हे तुझ्यापर्यंत पोचणार तरी कसं?

कालपासून माझ्या फोनच्या नकाशावरचा तुझा ठिपका शिखराखालच्या हिमनदीवर एकाच जागी अडकलाय. तुमच्या मोहिमेच्या ऑफिसातला माणूस म्हणतो, वर वादळ आहे, तंबूत थांबले असतील. ‘असतील’ म्हणजे काय रे? यांना नक्की काहीच माहीत नसतं?

तुझ्या आईंना मी तू पढवलेलंच सांगितलंय. बॉल्सब्रिजला ऑफिसचं ट्रेनिंग, मुक्काम हॉटेलात. मुलगा बसने तासाभरावर आहे म्हणताना माझी जीभ अडखळते. पण त्यांनी एकदाही उलट विचारलं नाही. मला वाटलं, पचलं.

फक्त तू गेल्यापासून त्या मला घर झाडू देत नाहीत. कधी आवाजाने डोकं दुखतं, कधी आत्ताच पडल्येय म्हणतात. आज हात कशात तरी गुंतवावेत म्हणून मी व्हॅक्युम लावलाच. आईंनी येऊन प्लग काढला.

“माणूस सुखरूप पोचल्याशिवाय मागे केर काढू नये.”

“अहो आई, तो कधीच पोचलाय बॉल्सब्रिजला.”

त्यांनी माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “ठिपका हलला का गं?”

आता आम्ही दोघी सोफ्यावर बसलोय, मध्ये फोन ठेवून. घरभर धूळ झालीये, निमिष. खाली उतर.

तुझ्यावर भयंकर चिडलेली,
यामिनी