घागरीएवढ्या कासेची गाय

शके १८६३, चैत्र शुद्ध दशमी. सकाळ.
सून शालूचं दूध लेकराला पुरंना. रडून घर डोक्यावर घेतंय. उद्या कळमनुरीच्या बाजारातून गाय मीच आणणार. लेक उत्तमराव म्हणे, तांड्यावरच्या लखमाला संगं ने, त्याला पारख हाय. म्हणलं, अन् मी काय डोळे गहाण टाकले? सगळ्यांदेखत बोलले, चार शेर न्हाई दिलं तर कोठीच्या किल्ल्या सुनंला.

एकादशी. सांज.
आणली! लाल, तुकतुकीत, कास घागरीएवढी. लखमा बाजारात भेटलाच. म्हणे, आधी धार काढून पाहा, चांगली कास पिळली की रिकाम्या पिशवीवानी लोंबती. त्याला दुसरीच आवडली, निसती हाडं. म्हणे, पोटाखालची दुधाची शीर पाहा, बोटभर जाड. म्हणलं, शिराच पाहायच्या तर माझे हात पाहा. येड्यानं ती सोताच घेतली. हसू आवरंना मला.

द्वादशी.
एक पाव. नवी जागा, लाजली.
पिळून झालं तरी कास तशीच टम्म! म्हंजी माल आत हाय. माझी पारख बराबर.

त्रयोदशी.
सरकी दिली, गूळ दिला, मिरच्या ओवाळून दिष्ट काढली. एक पाव. वासरू ढुसण्या देऊन दमलं. शेजारची द्वारकाबाई म्हणे, "काहून बाई, एवढी कास अन् भांडं कोरडं?" म्हणलं, शहाणी गाय हाय, परक्यासमोर पान्हा सोडत न्हाई. द्वारकीला हाकललं, घरच्यांनाबी बाहेर काढलं. सव्वा पाव! वाढून राहिलं.

पौर्णिमा.
ढोरांचा डाक्टर आला. कास दाबली अन् म्हणे, आजी, यात दूध न्हाई, मांस हाय. मिशा फुटल्या न्हाईत अजून, त्याला काय कळतं? मी गाईला ओव्या म्हणल्या. गाय झोपली. फस्क्लास लक्षण.

वद्य प्रतिपदा.
लेकरू सकाळपासून गप. धावत जाऊन पाहते तर पोट तट्ट, ओठाला साय. शालू तीन दिसापासून लखमाच्या हाडकुळीचं दूध आणून राहिली. पाच शेर देती म्हणे. पाच! मोजणाऱ्याचं माप लहान असंल.

द्वितीया.
किल्ल्या सुनंला देल्या. हरले म्हणून न्हाई, कमरेला टोचायच्या.
शालूला कोठी आवरायची, म्हणून लोटा घेऊन तांड्यावर मीच गेले. लखमा म्हणे, "आजी, शिरा पाहायला आल्या का?"
म्हणलं, "गप. काठोकाठ भर."