ओतीव गुडघा

अबादान, १४ नोव्हेंबर १९९२

चि. आबजी महरुख हिस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. थंडीची चाहूल लागताच तुझ्या वहिनीचा दमा परत आला, पण मला रागावण्याइतका श्वास तिच्याकडे शिल्लक असतो. खजुराचा डबा पाठवला आहे. निम्मे कारखान्यात वाट. तुझी लहानपणीची सवय मला ठाऊक आहे.

आता काम. तुमच्याकडून कृत्रिम पायांचे गुडघे येणार, असं उन्हाळ्यापासून ऐकतो आहोत. शाळा सुटली की मी इथल्या केंद्रावर मदतीला बसतो आणि सगळे माझ्याकडेच बघतात, कारण बहीण माझी. माझं काय, तो जुना लोखंडी पाय कुरकुरत का होईना, वर्गापर्यंत नेतो. पण खाला खैरिया, सगळ्या वस्तीची मावशी, रोज येऊन भिंतीला टेकते. सरपण गोळा करायला बागेत गेली आणि लढाईतल्या एका विसरलेल्या सुरुंगाने तिचा पाय नेला. काल म्हणाली, तुझ्या बहिणीला लिही, मला काही स्वर्गात शर्यत लावायची नाही, तंदूरपर्यंत जायचंय फक्त.

उशीर का होतो आहे ते खरं खरं कळव. लोभ तर आहेच, जरा घाईही असू दे.

तुझा दादाश,
जहांगीर

इस्फहान, २ डिसेंबर १९९२

प्रिय दादाश,
सलाम वि. वि.

खजूर पोचले. वाटले. निम्मे मात्र नाहीत.

खरं विचारलंस म्हणून लिहिते. उशीर माझ्यामुळे आहे. आमच्या वरिष्ठांना, सद्रीसाहेबांना, गुडघे ओतीव हवे आहेत. ॲल्युमिनियम वितळवायचं, साच्यात ओतायचं, आणि महिन्याभरात ट्रक भरून तुमच्याकडे. मी एक नमुना करवतीने मधोमध कापला. वरून गुळगुळीत, आत पावासारखी बारीक छिद्रं. एकदा टाकलेलं वजन असा तुकडा सहज पेलतो रे. पण पाऊल म्हणजे वजन पडलं, उतरलं, परत पडलं. रोज, वर्षभर. मग एखाद्या छिद्रापाशी तडा जातो, आतल्या आत वाढतो, आणि बाहेरून काही दिसत नाही.

पोलाद घेतलं तर तुमच्या खाऱ्या, दमट हवेत गंजतं. न गंजणारं घेतलं तर पाय इतका जड होतो की लोक तो कोपऱ्यात उभा करून कुबडीवरच हिंडतात. म्हणून माझा हट्ट घडीव ॲल्युमिनियमचा आहे. गरम गोळा पोलादी साच्यात दाबून घडवला की आत पोकळी राहत नाही. पण तो साचा कोरायला वेळ लागतो, आणि दाबयंत्र आमचं नाही. ट्रकचे भाग घडवणारे लोक वसंतानंतर वापरू देणार आहेत. तेवढं थांबायला सांग सगळ्यांना.

वहिनीला वाफारा घ्यायला लाव. माझ्यावर चिडलास तरी पत्र टाकत जा.

तुझी महरुख

अबादान, १९ जानेवारी १९९३

चि. महरुख हिस आशीर्वाद.

चिडलो आहे, तरी पत्र टाकतो आहे.

इथे नुसता चिखल झाला आहे. गेल्या आठवड्यात खालाची कुबडी घसरली आणि मनगट मोडलं. आता कुबडीही धरता येत नाही. सून तिला उचलून संडासला नेते. पाय गेला तेव्हा ही बाई रडली नव्हती म्हणतात, या गोष्टीला रडली. माझ्यासमोर, चादरीत तोंड खुपसून. सून बिचारी चांगली आहे, तेच तिला जास्त लागतं.

तुझी छिद्रं मी तिला समजावून सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की तुझी बहीण जमिनीवर बसून किती दिवस राहिली आहे. उत्तर तूच लिही. जे आहे ते पाठव, बाई. निदान म्हाताऱ्यांपुरतं तरी पाठव.

रागातली माया ओळखशील.

जहांगीर

इस्फहान, १६ फेब्रुवारी १९९३

प्रिय दादाश,
सलाम वि. वि.

खालाचा प्रश्न दोनदा वाचला.

थोडे ओतीव गुडघे पाठवते आहे. भिंती जाड करून घेतल्या आहेत आणि एकेकाचा क्ष-किरण फोटो मी स्वतः पाहिला आहे. त्यातले फक्त बरे निवडले. तरी यांवर माझा विश्वास नाही. घरातल्या घरात वापरायचे, जिना नाही, ओझं नाही, आणि घडीव आले की परत करायचे. हे प्रत्येकाला सांग, आणि दोनदा सांग. त्यांच्यातलाच एक मी इथे चाचणीच्या यंत्रावर चढवला आहे. तो रात्रंदिवस चालतो, म्हणजे पावलांच्या हिशेबात तुमच्या माणसांच्या बराच पुढे राहील. त्याला काही झालं तर आधी मला कळेल.

यातला एकही तुझ्यासाठी नाही. तू दिवसभर उभा असतोस, आणि वजनाबद्दल मी काही बोलत नाही.

खालाला माझा सलाम सांग. कशी चालते ते लिही.

महरुख

अबादान, २२ मार्च १९९३

चि. आबजीस नवरोजच्या शुभेच्छा आणि आशीर्वाद.

खाला तंदूरपर्यंत गेली! तिथे पोचल्यावर सुनेला बाजूला सारलं, इतके महिने माझ्या घरात जळकी रोटी खपवलीस म्हणाली, आणि स्वतः थापायला लागली. सून हसतही होती, डोळेही पुसत होती. पहिली रोटी तुझ्या नावाने माझ्या हातात दिली. तू नव्हतीस, म्हणून मी खाल्ली.

एक काळजी आहे. सालेम नावाचा खलाशी आहे, तिशीतला. त्यालाही एक बसवला. घरातच वापर म्हणून बजावलं, तर म्हणाला, मास्तर, माझं घर म्हणजे बोट. आठवड्यात बुशेहरच्या धक्क्यावर कामाला निघूनही गेला. माणूस उभा राहिला की त्याला बस कसं म्हणायचं, हे मला शिकवलेलं नाही.

वहिनीचा दमा बरा आहे. सुट्टी मिळाली तर ये.

तुझा दादाश

इस्फहान, ११ मे १९९३

प्रिय दादाश,
सलाम वि. वि.

यंत्रावरचा गुडघा तुटला. मी समोरच उभी होते. आधी आवाज नाही, वाक नाही, काही नाही. एकदम दोन तुकडे. जाड भिंतीचाही काही उपयोग झाला नाही.

सगळे काढून घे, दादाश. आजच सुरू कर. मला माहीत आहे मी काय सांगते आहे. घडीव यायला अजून महिना-दीड महिना जाईल, आणि तोवर ती माणसं पुन्हा भिंतीला टेकतील. खालाला काय सांगायचं ते मला सुचत नाही. सगळा दोष माझ्यावर टाक, तो माझाच आहे.

सोबतच्या पुडक्यात पहिला घडीव गुडघा आहे. साचा जमतो का ते बघायला एकच काढला होता. त्याच आट्यांवर बसतो, हलका आहे, गंजणार नाही. तो तुझा. रांगेतल्या लोकांआधी भावाला दिला, याचं जे म्हणायचं ते लोकांनी मला म्हणावं.

सालेमला शोध. झोप लागत नाही.

महरुख

अबादान, ८ जून १९९३

चि. महरुख हिस अनेक आशीर्वाद.

गेल्या पत्रात रडली होतीस, शाई सांगते. आता नीट वाच.

घरोघर फिरून गोळा केले. शिव्या खाल्ल्या, एका दारात चहाही मिळाला नाही. खालाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, पहिला पाय गेला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, तुम्ही विचारून नेताय एवढंच. स्वतःच पट्टे सोडले आणि पाय माझ्या मांडीवर ठेवला. तुझा दोष आहे असं मी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. ती पुन्हा चटईवर आहे. माझ्याशी बोलत नाही.

सालेमला दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. मग बस पकडून बुशेहरला गेलो. धक्क्यावर दिसला तेव्हा खांद्यावर तांदळाचं पोतं घेऊन फळीवरून बोटीत चढत होता. खाली पाणी. ओरडावं तर दचकेल, म्हणून तोंडावर हात धरून उभा राहिलो. तो वर पोचला, पोतं टाकलं, मग मला पाहून हात हलवला. मास्तर आले म्हणून सगळ्यांना ओरडून सांगितलं.

काढ म्हटलं तर ऐकेना. आज बसलो तर उद्या माझ्या जागी दुसरा उभा असेल, म्हणाला, आणि घरात खाणारी तोंडं आहेत. खोटं बोलत नव्हता. मग मी त्याच्या शेजारी पोत्यावर बसलो आणि विजार वर केली. पाना बरोबर आणला होता. माझा घडीव काढून त्याला बसवला. त्याआधी त्याच्या ओतीव गुडघ्याचा दुसरा आटा सोडवला, तोच तो माझ्या हातात दोन तुकडे होऊन आला. त्या बडबड्याला पाणी आणायला सांगितलं, तर तेही कळेना.

तुझा घडीव चांगला आहे. माझ्याकडे होता तेवढे दिवस मी जिना सरळ उतरलो. परत आलो ते कुबडीवर. तुझी वहिनी दारात उभी होती. ती काय बोलली ते इथे लिहीत नाही.

माझ्यासाठी दुसरा पाठवायची घाई करू नकोस, जुना लोखंडी पाय आहे अजून. पुढचा जो निघेल तो खालाचा, तिचं माप या कागदाच्या पाठीवर लिहिलं आहे. आणि तो टपालाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. ती बोलेल की नाही, सांगता येत नाही. तरी ये.

माया आहे तशी राहू दे.

तुझा दादाश,
जहांगीर